मापकाकांचे खांब

फुटपाथ माणसांना चालण्यासाठी बांधलेला असतो, हे मापकाकांच्या ध्यानात यायला साठी उलटून बरीच वर्षं जावी लागली. तोवर ते रस्त्याच्या कडेने, अंग चोरून, हॉर्न वाजला की दचकून चालत आले होते. फुटपाथवर गाड्या उभ्या असतात हे त्यांना अंगणात झाड उभं असावं इतकं साहजिक वाटे. मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "गुडघा आम्ही नवा बसवलाय, पण चालायचं तुम्हालाच आहे. बसून राहिलात तर तो आखडेल, आणि मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

काकू रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "मी चालत ताईकडे जाणार."

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. राहायला त्याच गल्लीत, त्याच बाजूला, अगदी टोकाच्या घरात. मधे चार-पाच इमारती. पण ताईंचे गुडघे काकूंच्याही आधी गेले होते, आणि त्यांच्या हृदयाची तऱ्हा बघून डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे ताई येऊ शकत नव्हत्या आणि काकू जाऊ शकत नव्हत्या. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या गॅलरीत येत, कानाला फोन लावत आणि एकमेकींकडे बघून हात हलवत. एका आईच्या दोन मुली, हाकेच्या अंतरावर, आणि बोलणं चाललंय ते मोबाइलच्या टॉवरमार्फत.

काकांनी एकदा सुचवून पाहिलं, "अगं, गाडी बोलावतो. बसल्या बसल्या पोचशील."

"मी काय पार्सल आहे?" काकू म्हणाल्या. "ताईने समोर बघितलं की तिला मी माझ्या पायांवर उभी दिसले पाहिजे. फार खचलीय ती हल्ली. काल म्हणाली, आता आपली भेट वरच. तिला दाखवायचंय मला."

यावर कोणाही नवऱ्याने गप्प बसायला हवं होतं. काका म्हणाले, "तू फक्त चालायला शीक. रस्त्याचं मी बघतो."

"रस्त्याचं बघाल तेव्हा बघाल. आधी माझं चालणं तरी बघा. त्या व्यायामाच्या बाई सकाळी येतात तेव्हा जरा घरी थांबा."

"आधी रस्ता होऊ दे," काका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मापकाकांचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरीला होते ते, आणि उभा जन्म लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेत होते. ते निवृत्त झाले तरी खिशातली टेप निवृत्त झाली नाही. दवाखान्यात गेले तर तिथला पडदा दोन बोटं आखूड आहे हे आधी बघत आणि मग नाडी दाखवत. "माझा एकही पडदा परत आला नाही," हे वाक्य ते अशा सुरात म्हणत, की दुसरा एखादा म्हणेल, मी जन्मात खोटं बोललो नाही. कापडात काटकसर करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समजावत, "बाई, मिटलेला पडदा बघून माप ठरवायचं नसतं. मिटला की तो वीतभरच दिसतो. पसरल्यावर काय होईल ते बघायचं." हे वाक्य वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. मापकाकांनी ठेवलं नाही.

तर रस्ता. गल्लीतून बस जायची, ट्रक जायचे, आणि वळणावर कोणी कोणाला दिसायचं नाही. तिथून नव्या गुडघ्याची बाई नेणं म्हणजे काचेचं भांडं बाजारातून लाथेने ढकलत नेणं. उरला फुटपाथ. त्यावर गाड्या अशा दाटीवाटीने उभ्या, की भिंत आणि गाडी यांच्यामधून जायचं तर मांजर असावं लागे, तेही उपाशी.

त्यातली सर्वांत मोठी, राखी रंगाची गाडी समोरच्या इमारतीत विम्याचं ऑफिस असलेल्या एका गृहस्थांची होती. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना गाठलं. गृहस्थ अत्यंत नम्र. गाडी फुटपाथवर चढवून, तिचे चारही दिवे लुकलुकते ठेवून ते उतरले आणि हात जोडून म्हणाले, "पाचच मिनिटं, काका."

काका उभे राहिले. दिवे लुकलुकत राहिले. दिवे लुकलुकत असले की गाडी जमिनीवर नसून जरा वर तरंगते, अशी वाहनचालकांत एक समजूत असावी. काकांचे पाय दुखले, उन्हाची तिरीप तोंडावरून मानेवर आली, आणि शेवटी ते घरी जाऊन जेवून परत आले, तरी ती पाच मिनिटं संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच हात आणि तीच पाच मिनिटं. तेव्हापासून काका घरात त्या गृहस्थांचा उल्लेख 'पाच मिनिटं' असाच करू लागले. "आज पाच मिनिटं लवकर आला," असं ते म्हणाले की काकूंना कोण ते कळायचं.

आता गल्लीत एखादा माणूस काही करतोय म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. खालच्या मजल्यावर कर्नल राहत. ते लष्करात कधीच नव्हते, साबणाच्या कंपनीत होते. पण मिशा आणि आवाज या दोन गोष्टींवर त्यांनी ही बढती मिळवली होती. ते म्हणाले, "मापकाका, विनंती ही कमकुवत माणसाची भाषा. टायरची हवा सोडा. एकदा हवा गेली की माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो."

"तुम्ही कधी सोडली आहे?"

"मी योजना देतो. कृती तुमची."

काकांसारख्या सभ्य माणसाला हे पटायला नको होतं. पण माणसाचा अपमान साठत गेला की त्याला कर्नलही शहाणे वाटू लागतात. एका सकाळी काका बाहेर पडले तर नेमकी राखी गाडी नव्हती. तिच्या जागी फुटपाथवर एक पांढरी स्कूटर ऐटीत उभी होती, आरशाला लाल हेल्मेट लटकवलेली. काकांनी विचार केला, गुन्हा तो गुन्हा, चार चाकांचा काय अन् दोन चाकांचा काय. शिवाय सरावाला स्कूटर बरी. इकडेतिकडे बघून ते उकिडवे बसले, चाकाची टोपी काढली आणि काडीने आतली पिन दाबली. हवा सुटताना केवढा आवाज होतो याची त्यांना कल्पना नव्हती. साऱ्या गल्लीने आपल्याकडे बघून 'शूऽऽ' केल्यासारखं त्यांना वाटलं. घाबरून उठायला गेले, तर गुडघे उठेनात. त्यांचे तर जुनेच होते.

ते तसेच चाकाला धरून बसले असताना मागून दोन हात आले आणि त्यांना बगलेत धरून अलगद उभं केलं गेलं. "काय हरवलं का, काका?" पाच मिनिटंने विचारलं. त्याच्या गाडीचे दिवे मागे लुकलुकत होतेच.

"टेप पडली होती," काका म्हणाले. ज्याची हवा काढायची त्यानेच उचलून उभं करावं, यापेक्षा गुडघे कायमचे आखडले असते तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं. ते तडक दुसऱ्या दिशेने चालू लागले.

दुपारी घरी आले तेव्हा काकू पलंगावर बसून होत्या. म्हणाल्या, "व्यायामाच्या बाई आता चार-आठ दिवस यायच्या नाहीत. खाली त्यांच्या स्कूटरची कोणीतरी हवा सोडली. एवढ्या उन्हात ढकलत नेली त्यांनी, पाठ भरली बिचारीची."

"कोणती स्कूटर?" काकांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना लाल हेल्मेट दिसलं.

"पांढरी. तुम्ही कशाला बघितली असेल? त्या येतात तेव्हा तुम्ही घरी कुठे असता." काकूंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं काळी झाली होती. "हात धुवा," त्या म्हणाल्या. एवढंच. भांडल्या असत्या तर काकांना उत्तर देता आलं असतं. त्या आठवड्यात काकूंचा गुडघा पुन्हा जरा कडक झाला, आणि फोनवर ताई म्हणाल्या, "जाऊ दे गं, नको जिवाला त्रास देऊस." गॅलरीत त्या दिवशी हातही हलवला नाही त्यांनी. काकांनी ते पाहिलं आणि ठरवलं, यापुढे जे करायचं ते कायद्याने.

कायदा प्रभाग कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, खिडकीमागे बसला होता. चष्मा कपाळावर ठेवलेले एक साहेब होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गाडीची चाकं कुठे असतात?"

"म्हणजे?"

"चार चाकं असतील ना? ती कुठे असतात?"

काकांनी डोळे मिटून आठवलं. "दोन फुटपाथवर, दोन रस्त्यावर."

"मग दोन चाकं आमची. उरलेली दोन वाहतूक खात्याची. आम्ही अर्धी गाडी हलवू शकत नाही. तुम्ही त्यांना भेटा."

वाहतूक खात्यातला हवालदार त्याहून समजूतदार निघाला. म्हणाला, "काका, आमच्याकडची जी दोन चाकं आहेत, त्यांनी काय गुन्हा केलाय? ती रस्त्यावरच आहेत. चाकं रस्त्यावर असायलाच पाहिजेत."

काका या दोन कार्यालयांमध्ये इतक्या खेपा घालू लागले, की वाटेतला चहावाला त्यांना दोन्हीकडचा कर्मचारी समजून कमी साखरेचा चहा न विचारता देऊ लागला. घरातून निघायची वेळ ठरलेली: कार्यालय उघडताच गाठायचं, म्हणजे व्यायामाच्या बाई यायच्या आत. त्या पाठ बरी होऊन परत येऊ लागल्या होत्या. काकू रोज संध्याकाळी सांगत, "आज पॅसेजमधून तीनदा गेले." "आज हात सोडून उभी राहिले." आणि काका म्हणत, "वा, वा. आज तो साहेब रजेवर होता."

शेवटी एकदा गाड्या उचलून नेणारी क्रेन आली. काका खाली धावले. क्रेन फुटपाथवर चढली, अगदी काकांच्या फाटकासमोर आडवी उभी राहिली आणि तिच्यावरची माणसं चहाला गेली. तेवढ्यात गल्लीत खबर पसरून सगळ्या गाड्या पसार झाल्या. फुटपाथ टोकापर्यंत मोकळा झाला, फक्त त्यावर क्रेन होती. काकांनी ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "फुटपाथवरची गाडी उचलायची तर फुटपाथवर चढावंच लागतं, काका." क्रेन दिवसभर तिथेच होती. तिची बॅटरी उतरली होती.

मग कर्नलांनी दुसरी योजना दिली: कुंड्या. काकांनी सिमेंटच्या जाडजूड कुंड्या आणल्या, त्यांत शोभेची झाडं लावली आणि टेपने मोजून सारख्या अंतरावर मांडल्या. गाड्या खरंच आल्या नाहीत. पण दोन दिवसांत त्या कुंड्यांत लोकांनी चहाचे कप टाकले, दूधवाल्याची सायकल एकीला धडकली, आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर चष्मा घेऊन साहेब स्वतः आले. फुटपाथवर अतिक्रमण केल्याबद्दल कुंड्या ट्रकमध्ये घालून घेऊन गेले. काकांना प्रभाग कार्यालयाच्या कारभाराचा एवढा वेग पहिल्यांदाच दिसला. तक्रार एका दिवसात निकाली निघाली, कारण ती काकांविरुद्ध होती.

पण त्यातून साहेबांनाही काकांची जराशी दया आली असावी. ट्रक निघताना ते म्हणाले, "काका, तुम्हाला खांबच हवेत बघा. लोखंडी. जिथे जिथे फाटकाचा उतार आहे, तिथे फुटपाथवर आडवी ओळ लावली की गाडी चढायची बंद."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. "मग लावा ना."

"लावू. आमचं ठरलेलं अंतर असतं, चाकाची खुर्ची सहज जाईल एवढं. पण मग त्यातून मोटरसायकली घुसतात, आणि तुम्ही परत माझ्या खिडकीपाशी. अंतर कमी केलं तर मोटरसायकल जाणार नाही, पण मग—"

"साहेब," काका म्हणाले, आणि त्यांचा हात खिशातल्या टेपेवर गेला. "माप माझ्यावर सोडा. माझा एकही पडदा परत आलेला नाही."

साहेबांना हे वाक्य कळलं नाही, पण कोणीतरी जबाबदारी घेतोय एवढं कळलं. सरकारी माणसाला तेवढं पुरतं.

काकूंना चालायला मुलीने एक गाडी पाठवली होती. चार चाकांची, हातात ब्रेक असलेली, दमलं तर टेकायला मधे पट्टी असलेली. ती ढकलत ढकलत चालायचं. घरात ती खोलीच्या दारामागे मिटवून उभी असे आणि तिच्यावर टॉवेल वाळत असे. काका त्या संध्याकाळी थेट दारामागे गेले. टॉवेल बाजूला केला. टेप लावली. डावीकडून उजवीकडे, मग खात्रीसाठी उजवीकडून डावीकडे. त्यात धंद्याच्या सवयीने चार बोटं मोकळीक मिळवली.

"काय करताय तिथे?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुझ्यासाठी रस्ता मापतोय," काका म्हणाले. स्वतःचं हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी कर्नलांनाही जाऊन ऐकवलं.

खांब आले. साहेब प्रत्येक फाटकाला एकाच बाजूला ओळ लावायची म्हणत होते; काकांनी भांडून दोन्ही बाजूंना लावून घेतली. कमरेएवढे उंच, काळे-पिवळे, काकांनी दिलेल्या अंतरावर तंतोतंत. मजुरांनी विचारलंही, "एवढं चिकटून?" काका म्हणाले, "माप दिलंय तसं लाव." दुसऱ्या दिवसापासून फुटपाथ कोरा करकरीत. लोक काकांना रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी मिळवले नाहीत, पण पाच मिनिटंने मिळवला. म्हणाला, "बरं केलंत, काका. सवय वाईट होती." काकांना त्याचा जरा रागच आला. हरलेल्या माणसाने थोडं तरी चिडायला हवं.

कर्नल म्हणाले, "उद्घाटन झालंच पाहिजे. वहिनी पहिल्यांदा चालत जाणार. सगळी गल्ली बोलावतो." काकांनी नको नको म्हणत दुकानातून पडद्याची सोनेरी दोरी आणली आणि फाटकाबाहेरच्या पहिल्या दोन खांबांना बांधली.

रविवारी सकाळी सगळे जमले. साहेबही आले, चष्मा त्या दिवशी डोळ्यांवर होता. गल्लीच्या पार टोकाला ताईंच्या फाटकात एक खुर्ची मांडलेली दिसत होती आणि तीत ताई. त्यांच्या सुनेने त्यांना धरून खाली आणलं होतं. काका पांढरा शर्ट घालून, टेप खिशात सरळ करून उभे होते. कर्नलांनी भाषण केलं. त्यात 'मापकाका' हा शब्द इतक्या वेळा आला, की काकांनी मान खाली घातली, आणि खाली घातलेली मान लोकांना दिसावी म्हणून जरा बाजूला होऊन उभे राहिले.

मग काकू आल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने व्यायामाच्या बाईंचा खांदा. बाईंच्या काखेत मिटलेली गाडी. काका पुढे झाले तेव्हा बाईंनी काकूंना विचारलं, "हे कोण?"

"आमचे हे," काकू म्हणाल्या.

"हो का. मला वाटलं, परगावी असतात." बाई मनापासून म्हणाल्या. आणि त्यांनी गाडी खाली ठेवली, मधली पट्टी दाबली, आणि गाडी खट्कन उघडली.

काकांनी ती उघडलेली पहिल्यांदाच पाहिली.

ती दुप्पट झाली होती. पुरती दुप्पट. काकांच्या नजरेला टेपेची गरज लागत नसे. ती आपोआप मोजायची. तिने खांबांमधलं अंतर मोजलं, मग गाडी मोजली. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, आज नको, मुहूर्त चांगला नाही. पण दोरी सुटली होती, टाळ्या वाजत होत्या आणि काकू निघाल्या होत्या. काय चालत होत्या. ताठ. कुठेही नजर न टाकता, सरळ गल्लीच्या टोकाकडे बघत. काका क्षणभर खांब विसरले. ही बाई एवढं चालते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गाडीची पुढची दोन्ही चाकं दोन्ही खांबांवर एकाच वेळी आदळली. ठण्ण.

टाळ्या एकेक करून थांबल्या. काकूंनी गाडी मागे घेतली, सरळ केली, पुन्हा पुढे आणली. ठण्ण.

"तिरकी घ्या," कर्नल म्हणाले.

"तिरकी घेतली तर मी कुठे राहू?" काकू म्हणाल्या.

"मिटवून घ्या मग."

"मिटवल्यावर धरू काय? तुमच्या मिशा?"

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "पण अंतर एवढं कमी ठेवलं कोणी?" साहेबांनी ताबडतोब सांगितलं, "माप काकांनी दिलंय." मग सगळी गल्ली काकांकडे बघायला लागली. काकांचा हात खिशातल्या टेपेवर होता, तो त्यांना तिथून काढताही येईना आणि ठेवताही येईना. कान तापले. मिटलेला पडदा, बाई, मिटलेला पडदा. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं ते सगळं एकदम आठवलं, आणि तेही स्वतःच्याच आवाजात. तेवढ्यात मागून घंटी वाजली. दूधवाला सायकलवरून उतरला, "काकू, जरा," म्हणाला, सायकल शेजारच्या दोन खांबांमधून सहज पलीकडे नेली आणि टांग मारून निघून गेला.

काकूंच्या पिशवीतला फोन वाजू लागला. टोकाला ताई कानाशी हात धरून बसलेल्या दिसत होत्या. काकूंनी फोन घेतला. "येतेय गं. निघालेय. जरा दार अडलंय. उठू नकोस तू."

त्या वेळी गर्दीतून पाच मिनिटं पुढे आला. त्याची गाडी पलीकडच्या बाजूला, रस्त्यावर, रेषेच्या आत उभी होती. दिवे मात्र सवयीने लुकलुकत होते. "पाचच मिनिटं, काकू," तो म्हणाला. त्याने चाकांची गाडी उचलली, खांबांवरून पलीकडे ठेवली आणि ब्रेक दाबून धरली. काकू अलीकडे उरल्या, दोन खांबांवर दोन हात ठेवून. त्यांनी वळून काकांकडे पाहिलं.

"तुम्ही काय फोटोला उभे आहात? हात द्या."

काकांनी हात दिला. अंग तिरकं करून काकू खांबांमधून पलीकडे गेल्या, आणि मागून तसंच अंग तिरकं करून काका. पलीकडे पोचल्यावर काकांना पुढचं फाटक दिसलं. त्याला दोन्ही बाजूंना खांब होते. त्याच्या पुढच्यालाही दोन्ही बाजूंना. साहेबांचं ऐकलं असतं तर निम्मे असते. प्रत्येक ओळीपाशी तोच सोहळा झाला: पाच मिनिटंने गाडी उचलायची, काकांनी हात द्यायचा, काकूंनी अंग तिरकं करायचं, आणि गल्लीने मागोमाग चालत, आता अगदी शांतपणे, बघायचं. हसले असते तर बरं, असं काकांना प्रत्येक खांबापाशी वाटत राहिलं.

ताई सांगूनही बसून राहिल्या नव्हत्या. फाटक धरून उभ्या होत्या. काकू पोचल्या, गाडीचा ब्रेक लावला आणि दोन्ही हात सोडून उभ्या राहिल्या. ताईंनी त्यांच्या गुडघ्याला हात लावून पाहिला, जसं काही कापड विकत घ्यायचंय. मग म्हणाल्या, "एवढा वेळ का गं लागला?"

"अगं, यांनी रस्ता शिवून घेतला माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "जरा घट्ट झाला."

ताई हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण सून दचकून बघू लागली. काकाही हसायला गेले, पण तोंड नीट होईना. ते खुर्ची धरून उभे राहिले. परतताना पाच मिनिटंला ऑफिसचा फोन आला, आणि गाडी उचलायचं काम काकांवर आलं. तेव्हा त्यांना कळलं की ती चांगली जड आहे, आणि व्यायामाच्या बाई ती रोज दारामागून एकट्या उचलून काढत होत्या, तेही नुकत्याच बऱ्या झालेल्या पाठीने.

सोमवारी सकाळी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा काका घरी होते. कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांनी काकूंचं चालणं पाहिलं, पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. संपल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "ही तासभर नेली तर चालेल?" आणि उघडलेली गाडी ढकलत ते घराबाहेर पडले. प्रत्येक खांबावरून ती उचलत त्यांनी गल्ली पार केली. कर्नल गॅलरीतून म्हणाले, "मापकाका, तुमचेही गुडघे गेले वाटतं." प्रभाग कार्यालयाच्या दाराची एकच झडप उघडी होती आणि गाडी तिथेही अडकली. शिपायाने दुसरी झडप उघडून दिली.

खिडकीपाशी रांग होती. काकांचा नंबर आला तेव्हा साहेबांचा चष्मा पुन्हा कपाळावर गेला होता.

"काका, आता काय? खांब लागले ना?"

"काढायचेत. म्हणजे सरकवायचेत. तुमच्या ठरलेल्या अंतरावर."

"नवंकोरं काम आहे. वरून विचारतील. कारण काय सांगू?"

काकांनी मागे पाहिलं. रांगेत बरीच माणसं होती, त्यात पडद्यांच्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईकही होतं. त्या गिऱ्हाईक बाई ओळखून हसल्या. काकांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला.

"माप चुकलं," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"माझं."

साहेबांनी खिडकीला कान लावला. "जरा मोठ्याने बोला, काका. इथे पंख्याचा आवाज येतो."

काकांनी घसा साफ केला, दोन्ही हातांनी काकूंची गाडी घट्ट धरली, आणि मागच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.